टर्मिनलमध्ये चालतं, मग सर्व्हिस केली की का बंद पडतं?

तुझा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. पुण्यातल्या पेठेतल्या एका गणेश मंडळासाठी तुम्ही मित्रांनी वर्गणीच्या पावत्या देणारं ॲप बनवलंय. मुख्य भाग पायथनमध्ये, फ्लास्क या वेब फ्रेमवर्कवर आहे. पावतीची पीडीएफ तयार करणारा छोटा भाग नोडवर, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामवर आहे. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर उबंटू २४.०४ आहे, मेमरी १ जीबी, आणि आत जायला फक्त एसएसएच, म्हणजे दुरून उघडलेलं टर्मिनल. पायथनच्या लायब्ऱ्या बसवणारं पिप काही बसवूच देत नाही. नोड हाताने चालवलं तर चालतं, सर्व्हिस म्हणून (मागे आपोआप चालत राहील असं) लावलं की लगेच बंद पडतं. ब्राउझरमध्ये कधी ४०३ (परवानगी नाही) दिसतं, कधी ५०२ (मागच्या प्रोग्रामकडून नीट उत्तर नाही). वर्गणीला निघायची तारीख जवळ आली आहे. काय कोणत्या क्रमाने बसवायचं आणि हे सगळं का होतंय, असं तू विचारलं आहेस.

क्रम सांगतेच, पण कारण आधी. तुझ्या चारही तक्रारी एकाच जागी येऊन मिळतात. सर्व्हरवरची प्रत्येक फाइल कुणाच्या तरी मालकीची असते आणि प्रत्येक प्रोग्राम कोणत्या तरी युजरच्या नावाने चालतो. तू टर्मिनलमध्ये काही चालवतेस किंवा चालवतोस, तेव्हा तो युजर तू असतोस: तुझा पाथ (कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी), तुझं होम फोल्डर, तुझ्या परवानग्या. तेच काम सर्व्हिस म्हणून लावलं की चालवणारा बदलतो. त्याला तुझं होम फोल्डर उघडता येत नाही आणि तुझ्या शेलमधल्या, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्राममधल्या, सोयी त्याला ठाऊकही नसतात. खराडी-हिंजवडीच्या कंपन्यांत मी इतकी वर्षं हेच काम करते आहे. नव्या मुलांना कमांड पाठ असतात, पण ‘हे आत्ता कोण चालवतंय?’ हा प्रश्न विचारायची सवय नसते. ती लागली की अर्ध्याहून जास्त अडचणी लॉग उघडण्याआधीच उलगडतात.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत.)

आता पिप. ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा जो संदेश येतो, त्याला बिघाड समजू नकोस. उबंटू २४.०४ सोबत येणारं पायथन ३.१२ हे तुझ्यासाठी ठेवलेलं नाही, ते उबंटूच्या स्वतःच्या कामाचं आहे. यूएफडब्ल्यू फायरवॉल, क्लाउड-इनिट, सुरक्षेचे अपडेट आपोआप बसवणारा प्रोग्राम, हे सगळं पायथनमध्ये लिहिलेलं आहे. सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकारी रूट युजरच्या नावाने, पिपने काही बसवलं की ते अशा ठिकाणी जातं जिथे पायथन ॲप्टच्या (उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) पॅकेजांच्या आधी शोध घेतं. म्हणजे तू एखादी लायब्ररी नवी केलीस की तुझं ॲप खुश, पण त्याच लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीवर अवलंबून असलेला सिस्टिमचा एखादा भाग मोडतो, आणि तोही त्या दिवशी नाही, काही आठवड्यांनी. म्हणून डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून हा दरवाजा बंद केला आहे. तू ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावून पुढे गेलास असं दिसतं. पर्यायाच्या नावातच परिणाम लिहिलेला आहे. सर्व्हर अजून रिकामाच आहे, तेव्हा तो पुसून नवा घे. आत काय काय विस्कटलं ते शोधत बसण्यापेक्षा हे लवकर होईल.

त्याच कुळातली दुसरी गोष्ट म्हणजे पायथन३ ही कमांड दुसऱ्या आवृत्तीकडे वळवणं. अनेक व्हिडिओंमध्ये हे दाखवतात. करू नकोस. सिस्टिमची काही पायथन मॉड्यूल एका विशिष्ट आवृत्तीसाठीच बांधलेली असतात. कमांड वळवली की ‘एपीटी_पीकेजी मॉड्यूल सापडत नाही’ अशी तक्रार येते आणि पॅकेजांची साधी कामंही अडतात. वेगळी आवृत्ती खरोखर लागलीच तर ती शेजारी बसवायची आणि पूर्ण नावाने हाक मारायची. पायएन्व्ह वापरलंस तर ते सोर्समधून पायथन बांधतं. त्याआधी ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट यांची डेव्ह पॅकेज बसवलेली हवीत. ओपनएसएसएलचं राहिलं तर पायथन बनतं, पण त्यात एसएसएल मॉड्यूल नसतं, आणि मग पिपला इंटरनेटवरून काहीच आणता येत नाही. तुझ्या ॲपला ३.१२ पुरेसं आहे, त्यामुळे या वाटेला जायची गरज नाही.

तुला करायचंय ते इतकंच. ॲप्टने ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज बसव; व्हेन्व्ह म्हणजे एका ॲपच्या लायब्ऱ्यांसाठीचं पायथनचं वेगळं फोल्डर. डेबियन आणि उबंटूवर ते वेगळं असतं. नसेल तर ‘एन्शुअरपिप उपलब्ध नाही’ असं म्हणून व्हेन्व्ह अर्धवट बनतं. मग ‘वर्गणी’ नावाचा एक सिस्टिम युजर तयार कर, ज्याला लॉगिन करता येत नाही. एसआरव्ही फोल्डरमध्ये ॲपसाठी जागा कर आणि व्हेन्व्ह तिथेच बनव. लॅपटॉपवरचं व्हेन्व्ह उचलून इथे आणू नकोस, कारण त्यातल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा संपूर्ण पत्ता, कोरलेला असतो, जागा बदलली की त्या चालत नाहीत. मालकीची विभागणी अशी ठेव: कोड आणि व्हेन्व्ह तुझ्या मालकीचे, वर्गणी युजरला ते फक्त वाचता येतील. डेटाबेसचं फोल्डर मात्र वर्गणी युजरच्या मालकीचं. उद्या ॲपमध्ये भोक सापडून कुणी आत शिरलं, तरी त्याला कोड बदलता येणार नाही.

डेटाबेस एसक्यूलाइट आहे असं तू लिहिलंस. तिथे हीच गोष्ट पुन्हा आडवी येते. नुसत्या डेटाबेस फाइलला लिहिण्याची परवानगी देऊन भागत नाही. एसक्यूलाइट लिहिताना शेजारी तात्पुरती जर्नल फाइल बनवतं, म्हणून ज्या फोल्डरमध्ये डेटाबेस आहे त्या फोल्डरवरही लिहिण्याची परवानगी लागते. पावत्यांची यादी दिसते पण नवी पावती होत नाही, ‘रीडओन्ली डेटाबेस’ असं काहीतरी येतं, तेव्हा आधी फोल्डर बघायचं.

नोडकडे येऊ. उबंटू २४.०४ च्या ॲप्टमधलं नोड १८ या मालिकेतलं आहे आणि नोड प्रकल्पाने त्या मालिकेचा आधार एप्रिल २०२५ मध्ये थांबवला. म्हणून तू नोडच्या हव्या त्या आवृत्त्या बसवणारं एनव्हीएम वापरलंस, आणि लॅपटॉपवर मीही तेच सुचवेन. सर्व्हरवर नाही. एनव्हीएम नोडला तुझ्या होम फोल्डरमध्ये ठेवतं आणि बॅशआरसी फाइलमध्ये चार ओळी लिहून पाथ लावून देतं. ती फाइल फक्त तुझं शेल वाचतं. सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडी ती वाचत नाही, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉनही वाचत नाही. सुडोचा तर पाथ वेगळा, आधीच ठरवलेला असतो, म्हणून नुसतं नोड चालतं आणि सुडो नोड म्हटलं की ‘कमांड सापडली नाही’. तुझ्या सर्व्हिसच्या स्टेटसमध्ये जो २०३ आणि ‘एक्झेक’ दिसतोय, त्याचा अर्थ एवढाच की सिस्टिमडीला सांगितलेला प्रोग्राम त्याला चालवता आला नाही. पाथ चुकीचा तरी असेल, नाहीतर तिथपर्यंत पोचायची परवानगी नसेल. तुझा कोड सुरूच झालेला नाही, म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नकोस.

सर्व्हरवर नोडसोर्सच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) नोडची एखादी एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, मालिका बसव.  मग नोड यूएसआर-बिनमध्ये येतं, सगळ्या युजरना सारखं दिसतं, आणि ॲप्ट अपग्रेड केल्यावर त्याचे सुरक्षा अपडेटही येतात. रिपॉझिटरी जोडायची स्क्रिप्ट कर्लने थेट बॅशमध्ये ओतायला सांगतात. ती आधी फाइलमध्ये उतरवून घे, लेसने वाच, मग चालव. रूटच्या अधिकाराने काय चालणार आहे ते पाहायला पाच मिनिटं दिलीच पाहिजेत. या सर्व्हरवर लोकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर असणार आहेत.

खात्री करून घ्यायची असेल तर ‘टाइप -ए नोड’ म्हणून बघ, किती नोड कुठे कुठे बसलेत ते कळेल. त्याहून चांगली चाचणी म्हणजे ‘सुडो -यू वर्गणी’ लावून, पूर्ण पाथ देऊन तीच कमांड चालवणं. तिथे जे अडेल तेच सर्व्हिसमध्येही अडेल. आणि नोडच्या लायब्ऱ्या बसवणाऱ्या एनपीएमला सुडो लावू नकोस. ॲपच्या फोल्डरमध्ये तुझ्याच युजरने ‘एनपीएम सीआय’ चालव, म्हणजे लॉक फाइलमध्ये लिहिलेल्या आवृत्त्याच बसतील.

१ जीबी मेमरीवर एनपीएमचं बिल्ड मध्येच ‘किल्ड’ असा एकच शब्द लिहून थांबलं, तर कर्नलने मेमरी संपल्यामुळे ते मारलं आहे. डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून एफएसटॅबमध्ये नोंदव. तरीही पीडीएफ बनवायला तुम्ही आत आख्खा क्रोम चालवत असाल तर एका वेळी एकच पीडीएफ बनेल अशी रांग लाव. पाचजणांनी एकदम पावती मागितली तर स्वॅपही वाचवणार नाही.

पीडीएफचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट, जी इंग्रजी मार्गदर्शनात सापडणार नाही. नव्या सर्व्हरवर देवनागरी फाँट नसतात. लॅपटॉपवर सुंदर दिसलेली पावती इथे चौकोनांनी भरून येईल. ॲप्टमधून ‘फाँट्स-नोटो-कोअर’ बसव, किंवा रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेला लोहित हवा असेल तर ‘फाँट्स-लोहित-देवा’. मग ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ चालव; मराठी लिहू शकणारे फाँट त्यात दिसले पाहिजेत. त्यानंतरही ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्णा’, ‘सर्व्हे’ असे शब्द छापून बघ. काही पीडीएफ लायब्ऱ्या अक्षरं दाखवतात पण जोडाक्षरं जुळवत नाहीत, हलन्त सुटा राहतो आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. वर्गणीदाराचं नाव पावतीवर चुकीचं छापलं गेलं तर त्या पावतीला काही अर्थ नाही.

वेब सर्व्हर कोणता, असं विचारलं आहेस. अपाची १९९५ पासून आहे, एनजिनएक्स इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये खुलं केलं. तुझ्या कामाला दोन्ही चालतील. कमी मेमरीत एनजिनएक्स निवांत चालतं म्हणून मी ते घेईन. दोन्ही मात्र बसवू नकोस. पोर्ट ८० एकालाच मिळतो, दुसरा ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणत पडतो. कोणता पोर्ट कुणी धरलाय ते ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ सांगतं. ही कमांड हाताशी ठेव.

एनजिनएक्स समोर कशाला, फ्लास्क थेट का नको? फ्लास्कचा अंगचा सर्व्हर फक्त लिहिताना तपासण्यापुरता आहे, तो सुरू होताना स्वतःच तसा इशारा देतो. त्याच्या जागी व्हेन्व्हमध्ये गनिकॉर्न हा पायथन ॲप चालवणारा सर्व्हर बसव आणि त्याला १२७.०.०.१ वर (मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर), ८००० पोर्टवर ऐकायला सांग. १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला विशेष अधिकार लागतात आणि ते ॲपला द्यायचे नाहीत. एनजिनएक्सची मुख्य प्रोसेस रूट म्हणून ८० आणि ४४३ उघडते, पण प्रत्यक्ष फाइली वाचणाऱ्या तिच्या वर्कर प्रोसेस ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या युजरच्या नावाने चालतात. गनिकॉर्नच्या कागदपत्रांत वर्करसाठी ‘कोअरच्या दुप्पट अधिक एक’ हे सूत्र दिलं आहे. एका कोअरला तीन येतात. तुझ्या मेमरीत दोन ठेव.

तुझा ४०३ इथून आलाय. तू सीएसएस आणि चित्रं होम फोल्डरमध्ये ठेवली आहेस. उबंटू २१.०४ पासून नवं होम फोल्डर ७५० परवानगीने बनतं, म्हणजे बाहेरच्याला आत पाऊलच टाकता येत नाही, आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा बाहेरचाच. फाइल कितीही उघडी असो, वाटेतलं एक फोल्डर बंद असलं की संपलं. ‘नेमआय -एल’ पुढे फाइलचा पूर्ण पाथ दे; वाटेतल्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि परवानगी ते ओळीने दाखवतं. यावर ७७७ करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते दुखणं झाकतं आणि सर्व्हरवरच्या प्रत्येक युजरला तुझ्या फाइली बदलू देतं. फाइली एसआरव्हीमध्ये हलव, प्रश्न मिटतो.

५०२ वेगळा. तिथे एनजिनएक्स ठणठणीत आहे, त्याच्या मागचा माणूस जागेवर नाही. व्हार-लॉगमधल्या एनजिनएक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ वाच. १११ असेल तर गनिकॉर्न चालू नाही किंवा दुसऱ्याच पोर्टवर आहे. १३ म्हणजे परवानगी. पोर्टऐवजी सॉकेट फाइल वापरत असशील आणि २ दिसला तर ती फाइलच तिथे नाही. तपासणी नेहमी आतून बाहेर कर. सर्व्हरवरच बसून आधी कर्लने ८००० पोर्टला विचार. उत्तर आलं तर ८० ला विचार. तेही आलं तर मोबाइल डेटावरून उघडून बघ. ज्या पायरीवर उत्तर थांबतं तिथेच बिघाड असतो, मग बाकीच्या फाइलींना हात लावायचा नाही.

बाहेरून उघडत नसेल तेव्हा कसं उघडत नाही ते पाहा. लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. बराच वेळ गोल फिरून टाइमआउट झालं तर कुठेतरी फायरवॉल पॅकेट गिळतेय. फायरवॉल दोन असतात: सर्व्हरवरची यूएफडब्ल्यू आणि क्लाउड कंपनीच्या पॅनेलवरची वेगळी. दोन्हीकडे ८० आणि ४४३ उघडावे लागतात. यूएफडब्ल्यू चालू करण्याआधी ‘यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच’ विसरू नकोस, नाहीतर स्वतःच बाहेर राहशील. कॉलेजच्या वायफायवरूनच एसएसएच लागत नसेल आणि हॉटस्पॉटवरून लागत असेल, तर तिथे पोर्ट २२ अडवला असणार, सर्व्हर ठीक आहे. आणि हॉटस्पॉटवरून काम करताना टीमक्समध्ये शिरून मगच अपग्रेड सुरू कर. नेट तुटलं तरी काम अर्धवट राहत नाही.

सिस्टिमडीची सर्व्हिस फाइल छोटी असते. एक्झेकस्टार्टमध्ये व्हेन्व्हच्या आतल्या गनिकॉर्नचा पूर्ण पाथ लिही, ॲक्टिव्हेट करायची गरज नसते. यूजर वर्गणी, वर्किंग डिरेक्टरी ॲपची, रीस्टार्ट ‘ऑन-फेल्युअर’. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये, ६०० परवानगीने (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), गिटमध्ये नाही. फाइल बदललीस की आधी ‘डेमन-रीलोड’. स्टार्ट आणि इनेबल या वेगळ्या गोष्टी आहेत; नुसतं स्टार्ट केलंस तर सर्व्हर रीबूट झाल्यावर ॲप उठणार नाही. सगळं लागल्यावर स्वतः एकदा रीबूट करून बघ. वर्गणी ऐन भरात असताना हे कळायला नको. नोडच्या भागाला अशीच दुसरी फाइल. ‘जर्नलसीटीएल -यू’ पुढे सर्व्हिसचं नाव दिलं की तिचं म्हणणं वाचता येतं.

एनजिनएक्समध्ये तुझ्या साइटची फाइल ‘साइट्स-अव्हेलेबल’मध्ये लिही, तिची लिंक ‘साइट्स-इनेबल्ड’मध्ये दे आणि तिथली डिफॉल्टची लिंक काढ. दर बदलानंतर ‘एनजिनएक्स -टी’, ते ठीक म्हणालं की रीलोड. रीस्टार्ट नको: कॉन्फिगमध्ये चूक असली तर रीलोड जुनं चालू ठेवतं, रीस्टार्ट साइट पाडतं. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ १० एमबी कर. मूळ मर्यादा १ एमबी आहे, आणि कार्यकर्ते यूपीआयच्या स्क्रीनशॉटऐवजी फोनने काढलेला फोटो चढवतील तेव्हा ४१३ येईल.

एचटीटीपीएससाठी सर्टबॉट, म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून प्रमाणपत्र आणणारा प्रोग्राम. आधी डोमेनचा ए रेकॉर्ड (नाव कोणत्या आयपीवर न्यायचं ती नोंद) सर्व्हरच्या आयपीवर आलाय का पाहा, पोर्ट ८० उघडा आहे का पाहा, मगच चालव. लेट्स एन्क्रिप्ट एका तासात एका नावासाठी पाचच फसलेले प्रयत्न मोजून घेतं, त्यामुळे आधी ‘ड्राय-रन’ कर. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉटचा टायमर ते आपोआप नवं करतो.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली सर्व्हरच्या घड्याळाची. ते बहुधा यूटीसीवर असेल, म्हणजे रात्री बारा ते साडेपाच या वेळेत केलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडेल. ‘टाइमडेटसीटीएल’ने आशिया/कोलकाता लाव. दुसरी बॅकअपची. चालू डेटाबेसची नुसती कॉपी घेऊ नकोस, लिहिणं सुरू असताना ती अर्धवट निघू शकते. एसक्यूलाइटची स्वतःची ‘.बॅकअप’ कमांड क्रॉनमध्ये रोज रात्री लाव आणि ती फाइल आरसिंकने लॅपटॉपवर आण. क्रॉनमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा पूर्ण पाथ लिही. टाइमझोन बदलल्यावर क्रॉन एकदा रीस्टार्ट कर, नाहीतर तो जुन्याच वेळेने चालत राहील.

नवा सर्व्हर घेतल्यावर पहिलंच ॲप्ट चालवताना ‘डीपीकेजीचं लॉक दुसऱ्या कुणाकडे आहे’ असं आलं तर घाबरू नकोस. आपोआप अपडेट चालू असतात, थोडा वेळ थांब. ती लॉक फाइल पुसायला सांगणारा सल्ला ऐकू नकोस. मग व्हेन्व्ह, नोड, सर्व्हिस फाइली, एनजिनएक्स, सर्टबॉट, याच क्रमाने जा. कुठे अडलास तर कोणती कमांड कोणत्या युजरने चालवली आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळी काय होत्या, एवढं लिहून पाठव. त्यात पासवर्ड आणि वर्गणीदारांचे नंबर नाहीत हे आधी पाहून घे.